मिसरुडाकडे बघून काही कळत नाही

'डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे, वय १४ वर्षं ४ महिने. वर्गातल्या सगळ्या पोरांना मिसरूड फुटलं, आवाज फुटले, उंच्या ताडासारख्या झाल्या. आमचा अजून सहावीतला वाटतो. उंची १४७ सेंटिमीटर. त्याने फोन उचलला की पलीकडचा माणूस "ताई, साहेब आहेत का?" असं विचारतो. शाळेच्या कबड्डी संघातून यंदा त्याला बाहेर बसवलं. तेव्हापासून गप्प झालाय. चुलत भावंडांबरोबर विहिरीवर पोहायला जायचा, तेही बंद. त्याचे वडील म्हणतात, मलाही दाढी कॉलेजात गेल्यावर आली, उगीच काळजी करू नको. सासूबाईंनी डिंकाचे लाडू चालू केलेत. पुतण्या जिमला जातो, तो म्हणतो, "काकू, टेस्टोस्टेरॉनची चार इंजेक्शनं मारली की काम होईल, आमच्या ट्रेनरकडे मिळतात." मला भीती वाटते. त्याच्यात हार्मोन कमी आहेत का? पुढे मूलबाळ व्हायला अडचण येईल का? खालचं मी आई असून काय बघणार, आणि हे बोलायला लाजतात. ह्यांची उंची १७०, माझी १५५.'
– एक आई, सांगली जिल्हा

ताई, पुतण्याच्या इंजेक्शनापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्याला थोडी उसंत आहे. ते द्यायचं नाही. एकसुद्धा नाही. का, ते पुढे सविस्तर लिहिते, पण वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि हे अर्धवट राहिलं तरी एवढं लक्षात असू द्या.

आता लेकाकडे येऊ. तुम्ही तीन गोष्टी बघितल्यात: मिसरूड, आवाज, उंची. सगळं गावही तेच बघतं. पण मुलाच्या वयात येण्यात या तिन्ही गोष्टी उत्तरार्धात येतात. पहिला अंक सुरू झालाय की नाही हे कुणी बघत नाही आणि तिसऱ्या अंकातली पात्रं अजून का आली नाहीत म्हणून घर हवालदिल होतं.

मुलीचं वयात येणं घराला तारखेसकट कळतं. मुलाचं कुणालाच कळत नाही, बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही नाही. कारण त्याच्यातला पहिला बदल होतो तो अंडकोशातल्या दोन वृषणांत. जन्मापासून दहा-अकरा वर्षं ते मोठ्या चिंचोक्याएवढे असतात आणि एके दिवशी हळूहळू वाढायला लागतात. दुखत नाही, खुपत नाही. चेहरा तसाच गुळगुळीत, आवाज तसाच बारीक. पँट आखूड झालेली नसते. आणि तरीही गाडी सुटलेली असते.

हे मोजायला आमच्याकडे एक माळ असते. खरोखरची माळ. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६० च्या दशकात ती प्रचारात आणली. अंडाकृती बारा मणी, सगळ्यात लहान १ मिलिलिटरचा, सगळ्यात मोठा २५ चा. डॉक्टर एका हातात माळ धरतात, दुसऱ्या हाताने तपासतात आणि कुठला मणी जुळतो ते बघतात. मिनिटाचं काम. १, २, ३ हे मणी बालपणाचे. ४ चा मणी जुळला, म्हणजे लांबी साधारण अडीच सेंटिमीटर झाली, की मुलगा वयात यायला लागला. प्रौढ पुरुषात हाच आकडा १५ ते २५ च्या दरम्यान असतो. माझ्याकडची माळ पिवळ्या-निळ्या प्लॅस्टिकची आहे आणि एकदा ओपीडीत एका आजीबाईंनी ती जपाची समजून डोळ्यांना लावली होती. मी काही बोलले नाही.

हा ४ चा मणी मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही जुळू शकतो. एवढा मोठा पल्ला आहे, आणि म्हणूनच एकाच बाकावर बसलेल्या दोन निरोगी मुलांत एक काका आणि एक पुतण्या वाटतो. ९ च्या आधी झालं तर ते लवकर. १४ पूर्ण झाली आणि अजून ४ चा मणी जुळत नसेल तर तो उशीर, आणि त्याची चौकशी करायची. तुमचा लेक ती रेघ चार महिन्यांनी ओलांडून गेलाय. त्यामुळे 'अजून वर्षभर बघू' असं मी म्हणणार नाही. पण घाबरण्यासारखंही तुमच्या पत्रात काही दिसत नाही. तपासल्यावर ५ किंवा ६ निघाले, तर त्याचं सगळं सुरू झालेलं आहे, फक्त चेहऱ्यापर्यंत पोचायचं आहे. २ किंवा ३ निघाले, तर पुढच्या तपासण्या. त्या एका आकड्याशिवाय तुम्हाला, मला किंवा पुतण्याला काहीही सांगता येणार नाही.

'हार्मोन कमी आहेत का?' याचं उत्तर बहुधा हो असंच येईल. दुकानाचं शटर उघडलेलं नसेल तर गल्ल्यात पैसे कुठून असणार? बघायचं असतं ते शटर कधी उघडणार हे, आणि त्याची किल्ली वृषणांकडे नसतेच. ती मेंदूत असते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथून जीएनआरएच नावाचं एक रसायन थोडं थोडं सुटतं. त्याच्या खालीच वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी लोंबकळते. ती या निरोपावर रक्तात दोन हार्मोन सोडते, एलएच आणि एफएसएच. वृषणात दोन प्रकारचे कामकरी असतात. लायडिग पेशी एलएचचं ऐकून टेस्टोस्टेरॉन बनवतात. सेर्टोली पेशी एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या दोघांच्या मदतीने शुक्राणू वाढवतात, अगदी दाई करावी तसं. वृषणाचा आकार वाढतो तो मुख्यतः या दुसऱ्या खात्यामुळे. तिथल्या बारीक नळ्या फुगतात, लांबतात. म्हणजे तो मणी आम्ही मोजतो तेव्हा पुढच्या पिढीची तयारी कितपत झाली आहे हेच मोजत असतो.

जीएनआरएचची एक खोड आहे. ते ठोक्या-ठोक्याने सुटावं लागतं, तास-दीड तासाला एक ठोका. हे रसायन १९७१ मध्ये ओळखलं गेलं. रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या दोघांच्या प्रयोगशाळांनी त्यासाठी मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गाळले, वर्षानुवर्षं एकमेकांशी चढाओढ केली आणि १९७७ साली नोबेलच्या मंचावर दोघांनाही शेजारी उभं राहावं लागलं. पुढे अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडांवर दाखवून दिलं की ठोका तासाला एक दिला तर पिट्युटरी कामाला लागते, पण धार अखंड सोडली तर ती ऐकेनाशीच होते. सासू दिवसभर बोलत राहिली की सून ऐकणं बंद करते, तसं. (तुमच्या सासूबाईंबद्दल नाही म्हणत आहे.) फार लवकर वयात येणाऱ्या मुलामुलींना आम्ही आज याच युक्तीने थांबवतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. तुमचा लेक दीड-दोन महिन्यांचा होता, तुम्ही त्याला तेल लावून न्हाऊ घालत होतात, तेव्हा ही सगळी यंत्रणा एकदा चालू होऊन गेली आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन चांगलं वर चढतं आणि सहा महिन्यांच्या आसपास पुन्हा खाली येतं. तेव्हा सेर्टोली पेशी संख्येने वाढतात, पण टेस्टोस्टेरॉनचा हुकूम ऐकण्याइतक्या पक्व नसतात, म्हणून शुक्राणू बनत नाहीत. मग मेंदू ब्रेक लावतो आणि तो दहा-बारा वर्षं लागलेला राहतो. बालपण म्हणजे हा ब्रेक. तो सैल करण्यात किसपेप्टिन नावाच्या एका प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००३ पासून आपल्याला माहीत आहे. त्याचं नाव अमेरिकेतल्या हर्शी गावच्या 'किसेस' या चॉकलेटवरून पडलं, कारण ते जनुक त्या गावात सापडलं. शास्त्रज्ञही कधी कधी नावं ठेवताना बारशाला जमलेल्या आत्यांसारखेच वागतात.

ब्रेक सुटतो तो आधी रात्री. सुरुवातीचे महिने एलएचचे ठोके फक्त झोपेत पडतात, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन पहाटे वर असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. कुणी तुम्हाला संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन मुलाचं टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं तर तो रिपोर्ट वाचून नाहक रडायची वेळ येते. आणि हो, या वयातल्या मुलाने रात्री एकपर्यंत मोबाइल बघू नये, या माझ्या जुन्या रडगाण्याला इथे थोडा आधार मिळतो.

मणी ४ च्या पुढे सरकला की पुढचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो. सहा महिने-वर्षभरात जांघेत केस येऊ लागतात, लिंगाची वाढ सुरू होते, घामाला वास येतो, कपाळावर पुटकुळ्या. जांघेतल्या केसांबद्दल एक सावधगिरी: ते मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनांमुळेही येऊ शकतात, म्हणजे नुसते केस दिसले म्हणून मुलगा वयात आला असं नक्की म्हणता येत नाही. पुन्हा माळच. उंचीची मोठी उसळी येते ती मणी १०-१२ च्या आसपास असताना. मुलींचं उलट असतं, त्या आधी उंच होतात आणि पाळी येईपर्यंत त्यांची मोठी वाढ बरीचशी होऊन गेलेली असते. म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली मागच्या रांगेत आणि मुलगे खाली मांडी घालून बसलेले. ऐन भरात मुलाची उंची वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढते. त्याच्या थोडं पुढे-मागे आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, कंठमणी दिसायला लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. संगीत नाटकांच्या जमान्यात स्त्रीपार्टी करणाऱ्या पोरांचा घसा फुटला की अख्ख्या नाटक मंडळीच्या पोटात गोळा यायचा. मिसरूड त्यानंतर, आधी वरच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांत. भरघोस दाढी तर कित्येकांना विशीत येते. तेव्हा तुमच्या यजमानांनी सांगितलेली कॉलेजातली दाढी मला थेट फारशी उपयोगाची नाही, पण एक गोष्ट त्यांना नक्की विचारा: उंची कधी वाढली? दहावीनंतर पँट आखूड झाल्या का? होय म्हणाले तर तो मोठा धागा आहे.

कारण मुलग्यांत उशिराचं सर्वांत जास्त आढळणारं कारण आजार नसतं. घड्याळच मागे लावलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा वडिलांकडून किंवा आईकडून आलेलं असतं. अशा मुलांपैकी अर्ध्याहून अधिकांच्या घरात कुणीतरी उशिरा वयात आलेलं सापडतं. तुम्हाला पाळी कितव्या वर्षी आली हेही डॉक्टर विचारतील, लाजू नका. या मुलांचा डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्सरे काढला की हाडांचं वय कळतं. पत्रिकेत चौदा आणि हाडांत बारा, असं निघालं तर शरीर हाडांचं पंचांग पाळतं, पत्रिकेचं नाही. मग त्याच्या वाढीला मित्रांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळणार आहेत. तुमच्या दोघांच्या उंचीवरून काढलेला त्याचा अंदाजे आकडा १६९ येतो. आईची आणि बापाची उंची मिळवायची, मुलासाठी त्यात १३ घालायचे, दोनाने भागायचं. आठ-एक सेंटिमीटर इकडे-तिकडे धरा. १४७ वर तो थांबणार अशी मनाशी गाठ बांधली असेल तर सोडा.

आता ते इंजेक्शन.

तुमच्याकडे गच्चीवर पाण्याची टाकी असेल आणि मोटरला ऑटोकट असेल. टाकी भरली की मोटर बंद, पाणी उतरलं की चालू. मेंदू आणि वृषण यांच्यात हीच सोय आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू ठोके कमी करतो, एलएच-एफएसएच उतरतात, वृषण विसावा घेतात. आता बाहेरून टँकर बोलावून टाकी काठोकाठ भरली तर काय होईल? मोटर बंद पडेल आणि टँकर चालू आहे तोवर बंदच राहील. जिममधलं इंजेक्शन म्हणजे तो टँकर. आधीच मंद असलेला मेंदूचा ठोका त्याने थांबतो. अंगावर स्नायू दिसतील, मिसरूड येईल, आवाज फुटेल, पुतण्या म्हणेल बघा काकू झालं की नाही. आणि वृषण २ च्या मण्यावर बसलेले राहतील.

शुक्राणूंचं गणित तर आणखी वेगळं आहे. ते तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. रक्तात बाहेरून कितीही ओतलं तरी आतलं भरून निघत नाही, उलट आतला कारखाना बंद पडल्याने ते घसरतं. त्यामुळे दंडावर बेटकुळ्या असलेला, दाढीवाला, पिळदार माणूस आणि वीर्यात शुक्राणू शून्य, असं चित्र वंध्यत्वाच्या दवाखान्यांत हमखास दिसतं. बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण महिनेच्या महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. पुतण्या स्वतः ही इंजेक्शनं घेत असेल तर त्याच्याशीही कुणीतरी बोला. 'पुढे मूल होईल का' हा प्रश्न तुम्ही चुकीच्या मुलाबद्दल विचारताय, असं मला पत्र वाचताना वाटून गेलं.

उंचीचं नुकसान वेगळंच. मुलग्यांची हाडं वाढायची थांबतात ती टेस्टोस्टेरॉनमुळे, असं सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात शरीर थोड्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे आपण बायकांचं म्हणतो त्या हार्मोनमध्ये, रूपांतर करतं आणि हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा बंद होते ती त्याने. १९९४ मध्ये अमेरिकेत एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापून आली. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. दाढी, आवाज, सगळं पुरुषाचं. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांचं वय १५, आणि अजून वाढतच होता. त्या एका माणसाने आमची पाठ्यपुस्तकं बदलली. तुमच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ असा की चौदाव्या वर्षी भरमसाट टेस्टोस्टेरॉन टोचलं तर वर्षभर तो भराभर वाढताना दिसेल आणि मग ती कूर्चा वेळेआधी मिटून जाईल. मागे लावलेल्या घड्याळाने त्याला जी दोन वर्षं जास्त दिली होती, ती हातची गेली.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरही टेस्टोस्टेरॉन देतात ना? देतात. एक्सरे बघून, आजार नाहीत याची खात्री करून, मुलाला शाळेत जाणं नकोसं झालं असेल तर, महिन्यातून एक लहान मात्रा, तीन ते सहा महिने, आणि मग थांबतात. बाइक ढकलून चालू करतात तसं. थांबल्यावर वृषण स्वतःहून वाढताहेत ना, हे पुन्हा माळेनेच बघतात. ते वाढले म्हणजे मेंदूचं इंजिन पेटलं. यात मात्रा, वेळ आणि कधी थांबायचं हे सगळं महत्त्वाचं, आणि यातलं ट्रेनरकडे काहीच नसतं. शिवाय त्या बाटलीत नेमकं काय आहे हेही त्याला माहीत नसतं.

डॉक्टरांकडे काय काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे धसका बसणार नाही. उंची-वजन इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडतील. थायरॉइड, पंडुरोग, आतड्यांचे आजार, कमी वजन यांनीही वयात येणं लांबतं, ते रक्तातून बघतील. दोन्ही वृषण अंडकोशात उतरलेले आहेत ना, हे बघतील. ते तान्हेपणीच बघायचं असतं आणि नसतील तर पहिल्या वर्ष-दीड वर्षात शस्त्रक्रिया करायची असते, पण कितीतरी घरांत राहून जातं. आणि एक विचित्र वाटणारा प्रश्न येईल: फोडणीचा, अत्तराचा वास त्याला येतो का? हसण्यावारी नेऊ नका. जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी गर्भात असताना नाकाच्या जागी जन्मतात आणि वासाच्या तंतूंच्या कडेकडेने चालत मेंदूत जातात. हा प्रवास झालाच नाही तर मुलाला वासही येत नाही आणि तो आपणहून वयातही येत नाही. कालमान यांनी १९४४ मध्ये अशी कुटुंबं नोंदवली. विरळा आजार आहे, उपचार आहेत, आणि सुगावा कधी कधी एवढ्या एका प्रश्नाने लागतो.

जाता जाता याची उलट बाजूही सांगते. साधारण सहाशे मुलग्यांत एक असा असतो की ज्याच्यात एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. तो वेळेवर वयात येतो, उंच होतो, मिसरूडही येतं. घरात कुणाला शंका नसते. पण त्याचे वृषण ५ च्या आसपास अडकून पडतात, आणि लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासलं की तिशीत उलगडा होतो. चेहरा बघून मुलगा 'झाला' असं ठरवायची आपली सवय दोन्हीकडून फसवते.

आता तुमच्या यजमानांसाठी दोन परिच्छेद. हे त्यांना वाचायला द्या.

दादा, तुम्हीही कदाचित उशिरा वयात आलात आणि कुणाला सांगितलं नाहीत. त्या वर्षांत शाळेत काय ऐकलंत ते आठवत असेल. तेवढं लेकाला सांगा, माझ्या सगळ्या हार्मोनपुराणापेक्षा त्याला ते जास्त लागू पडेल. आणखी तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, छातीत एका किंवा दोन्ही बाजूंना बोंडाखाली सुपारीएवढी गाठ येऊ शकते, शर्ट घासला तरी दुखते. जवळपास निम्म्या मुलांना येते, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचं प्रमाण बसेपर्यंत राहते, आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांची जाते. पोरं यामुळे पोहायला जाणं सोडतात. तुमच्या लेकाने विहीर का सोडली हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? दोन, झोपेत कधीतरी वीर्य जाईल आणि चादर ओली होईल. हे आधीच माहीत असलेला मुलगा चादर धुवून टाकतो. माहीत नसलेला एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली 'धातू जाणे'वाली पत्रकं वाचतो आणि पुढची दहा वर्षं आपण आतून पोकळ होतोय असं समजतो. या भीतीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये वैद्यकात नावही दिलं. रक्ताचे इतके थेंब आणि वीर्याचा एक थेंब हा हिशेब खोटा आहे. शुक्राणू रोजच बनत असतात, एका खेपेला सुमारे अडीच महिने लागतात, आणि एक खेप पुरी व्हायच्या आत पुढच्या सुरू झालेल्या असतात.

तिसरी गोष्ट घाईची. अंडकोशात अचानक कळ आली, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. १२ ते १८ हेच त्याचं वय. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो, उशीर झाला तर काढावा लागतो. आणि पोरं लाजून काय सांगतात? 'पोटात दुखतंय.' आई ओवा देते, रात्र जाते. तुमच्या मुलाला माहीत असायला हवं की हे दुखणं रात्री दोन वाजताही बापाला उठवून सांगायचं असतं. मी माझ्या भाच्याला अकराव्या वर्षीच सांगून ठेवलंय. तो लाजून लाल झाला, पण त्याने ऐकलं.

महाराष्ट्रात हे बोलायचं कसं, हा प्रश्न नवा नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून आपल्या मासिकात वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, म्हणून त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ साली कोर्टात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वकील चांगले होते, खटला तरी हरले. मला आज अशा उत्तरासाठी कुणी कोर्टात खेचत नाही, तेवढी तरी प्रगती आहे.

डिंकाचे लाडू चालू द्या. त्याने वयात येणं लवकर होणार नाही, पण हडकुळ्या पोराला वाईट नाही, आणि आजीचं समाधान. फक्त ताकदीच्या नावाखाली विकत मिळणारी पूड त्यात मिसळू नका. कबड्डीच्या सरांना जाऊन भेटा आणि कमी वजनाच्या गटात खेळवता येईल का विचारा. तिथे तो आज जे शिकेल ते उंची आल्यावर त्याच्याजवळच असेल. आणि घरात कुणीही, पुतण्यासकट, फोनवरच्या 'ताई'चा विनोद पुन्हा करायचा नाही.

बालरोगतज्ज्ञ चालतील, मुलांच्या हार्मोनचे तज्ज्ञ मिरज-कोल्हापुरात मिळाले तर उत्तम. खाजगी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' नावाचा कक्ष असतो, तिथे सुरुवात करा. तपासायच्या वेळी तुम्ही बाहेर बसा, वडील आत राहतील की तेही बाहेर, हे मुलाला ठरवू द्या. शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी असतील तर घेऊन जा, दाराच्या चौकटीवर वाढदिवसाला पेन्सिलने केलेल्या खुणा असल्या तरी चालतील, टेपने मोजून तारखांसकट कागदावर उतरवा. मागच्या दोन वर्षांत तो किती वाढला हे आजच्या एका उंचीपेक्षा जास्त बोलतं. आणि वेळ सकाळी आठची मागा. रक्त द्यायचं ठरलं तर त्याच फेरीत होईल, दुसरा हेलपाटा पडणार नाही.